धातूचा खडबडीतपणा आणि आयनांचा मारा

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र परभणी जिल्ह्यातच मोडत असे. प्राचीन कोरीव मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसराचे नाव आता आणखी एका कारणाने देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना परिचित झाले आहे. औंढा तालुक्यातील दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी या प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली; ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसविण्यात आली.

या वेधशाळेच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा एकमेकींशी काटकोन करून असतात. प्रत्येक भुजेत पोलादी नळी, नळीत निर्वात पोकळी आणि टोकांना आरसे, अशी ही रचना आहे. दूरच्या अंतराळात कृष्णविवरांची टक्कर झाली, की अवकाशात उठणाऱ्या लहरीमुळे या भुजांची लांबी किंचित बदलते. हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली आणि त्या कार्याबद्दल २०१७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

इतके सूक्ष्म मोजमाप दोन गोष्टींवर अवलंबून असते : आरशाचा पृष्ठभाग कसा आहे आणि नळीतील निर्वात किती शुद्ध आहे. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच भौतिक क्रिया आढळते. ती म्हणजे पृष्ठभागावर होणारा आयनांचा मारा. मात्र आरशाला जे हवे असते, त्याच्या नेमके उलट निर्वात पंपाला हवे असते. असे का होते, हे समजण्यासाठी धातूच्या खडबडीतपणाचा विचार करावा लागतो.

आयनाचा आघात

अणूने एखादा इलेक्ट्रॉन गमावला, की त्याच्यावर धन विद्युत् भार येतो. अशा भारित अणूस आयन म्हणतात. विरळ वायूत विद्युत् विमोचन घडविले, की आयन तयार होतात आणि ऋणाग्राकडे, म्हणजे ऋण भारित धातूच्या पत्र्याकडे, वेगाने ओढले जातात. तेथे ते आदळले, की पृष्ठभागाखालील अणूंना धक्के बसतात. त्या अणूंचे धक्के शेजारच्या अणूंना बसतात. कॅरमच्या फोडीत एका स्ट्रायकरने अनेक सोंगट्या हलाव्यात, तसा हा प्रकार आहे. या धक्क्यांपैकी एखादा उलट फिरून वरच्या थरापर्यंत पोहोचला आणि तो पुरेसा जोरकस असला, तर तेथील अणू धातूपासून सुटून बाहेर फेकला जातो. या क्रियेस ‘स्पटरिंग’ म्हणतात; सोप्या शब्दांत तिला अणूंची उधळण म्हणता येईल.

विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये विद्युत् विमोचनाचे प्रयोग करताना ही क्रिया प्रथम नोंदविली. तिचा परिपूर्ण गणिती सिद्धांत मात्र पीटर सिग्मुंड यांनी १९६९ मध्ये मांडला. एका आयनामागे सरासरी किती अणू बाहेर पडतात, या संख्येला उधळणीचे प्रमाण म्हणतात. ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा आर्गॉनचा आयन तांब्यावर सरळ आदळला, तर सरासरी दोनांहून थोडे अधिक अणू सुटतात. टायटेनियमच्या बाबतीत तेवढ्याच ऊर्जेच्या दोन आयनांमागे साधारणतः एक अणू सुटतो. म्हणजे हे प्रमाण धातूगणिक बदलते. ते आयनाच्या वस्तुमानावर आणि ऊर्जेवरही अवलंबून असते. परंतु याशिवाय आणखी एक घटक तितकाच प्रभावी आहे, तो म्हणजे आघाताचा कोन.

कोनाचे महत्त्व

आयन पृष्ठभागावर अगदी सरळ, म्हणजे लंबरूप, आला तर तो खोलवर घुसतो. त्याची बरीचशी ऊर्जा अशा खोलीवर खर्च होते, की तेथून धक्का वर येईपर्यंत क्षीण होतो. तोच आयन तिरपा आला, तर त्याचा मार्ग पृष्ठभागाच्या लगत राहतो. ऊर्जा वरच्या थरातच खर्च होते आणि अधिक अणू सुटतात. लंबापासून कोन जसजसा वाढतो, तसतसे उधळणीचे प्रमाण वाढत जाते. साधारणतः ६० ते ८० अंशांच्या दरम्यान ते कमाल होते. त्याहून अधिक तिरपा आलेला आयन मात्र पृष्ठभागावरून घसरून परावर्तित होतो आणि प्रमाण झपाट्याने घटते. तळ्याच्या पाण्यावर चपटा खडा अगदी आडवा फेकला, तर तो न बुडता टप्पे घेत जातो. हे दृश्य डोळ्यांसमोर आणल्यास ही घट समजू शकेल.

हे सर्व नियम गुळगुळीत पृष्ठभाग गृहीत धरून सांगितलेले आहेत. प्रत्यक्षात कोणताही धातू पूर्णपणे गुळगुळीत नसतो. लेथवर कातलेल्या तुकड्यावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पटीत मोजण्याजोगे चढउतार असतात. घासून चकचकीत केलेल्या तुकड्यावर ते कमी होतात, पण नाहीसे होत नाहीत. अणूच्या मापाने पाहिले, तर ते डोंगरदऱ्यांएवढेच असतात. आयन येतो तो यांपैकी एखाद्या उतारावर आदळतो. त्याच्या दृष्टीने संपूर्ण पत्र्याच्या दिशेला महत्त्व नसते. ज्या ठिकाणी तो आदळतो, त्या ठिकाणचा उतार तेवढा त्याचा कोन ठरवितो.

नांगरलेले रान आणि धातूचा पत्रा

परभणीच्या काळ्या जमिनीत शेती करणाऱ्यास पाऊस आणि उतार यांचे नाते शिकवावे लागत नाही. एकच सर सपाट वाफ्यावर पडली, तर मातीचे कण थोडे उडतात. वरंब्याच्या उतारावर पडली, तर कण अधिक सुटतात. आणि सुटलेली माती पुष्कळदा शेजारच्या सरीतच जाऊन बसते. बांधबंदिस्ती आणि रुंद वरंबा-सरी या पद्धतींचा हेतू हाच, की सुटलेली माती शेताबाहेर जाऊ नये.

खडबडीत धातूवर आयनांचा मारा होतो, तेव्हा अशाच तीन गोष्टी घडतात. पहिली गोष्ट, पत्र्यावर मारा सरळ असला, तरी उंचवट्यांच्या उतारांवर तो तिरपा पडतो. त्यामुळे तेथे उधळण वाढते. दुसरी गोष्ट, मारा तिरपा असेल तर उंचवटे पलीकडील खळग्यांवर आडोसा धरतात. त्या खळग्यांपर्यंत आयन पोहोचतच नाहीत. तिसरी आणि फार महत्त्वाची गोष्ट अशी, की उतारावरून सुटलेला प्रत्येक अणू बाहेर जातोच असे नाही. समोर दुसरा उंचवटा असेल, तर तो अणू त्याच्या भिंतीवर जाऊन चिकटतो. अणू सुटला, पण धातूच्या हिशेबातून गेला नाही. सरीत बसलेल्या मातीसारखीच ही स्थिती होय.

ही उपमा येथपर्यंतच चालते. मातीला पाणी वाहून नेते. अणूला वाहून नेणारे काही नसते. तो निर्वातात सरळ रेषेत उडतो आणि जेथे आदळतो, तेथेच बहुधा राहतो.

या तीन गोष्टींची बेरीज-वजाबाकी होऊन अंतिम परिणाम ठरतो. उंचवटे पसरट आणि उतार सौम्य असतील, तर सरळ माऱ्याखाली उधळण थोडी वाढते. कारण कोन वाढला, परंतु अणू अडविणाऱ्या भिंती फारशा नाहीत. उतार उभट आणि खळगे अरुंद असतील, तर सुटलेले बरेचसे अणू आतल्या आत अडकतात आणि एकूण झीज कमी होते. मारा मुळातच फार तिरपा असेल, तर उंचवट्यांच्या समोरच्या बाजूंवर तो कमी तिरपा पडतो. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर दिसणारी कोनानुसारची तीव्र चढउतार येथे बोथट होते. जर्मनीतील गार्चिंग येथील संशोधकांनी १९९८ मध्ये खडबडीत ग्रॅफाइटसंबंधी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच बोथटपणा दाखवून दिला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारखान्यात खडबडीतपणा मोजला जातो तो बहुधा उंचवट्यांच्या सरासरी उंचीने. दोन पत्र्यांची सरासरी उंची सारखी असेल. परंतु एकावर लांबवर पसरलेल्या टेकड्या असतील आणि दुसऱ्यावर दाट, उभे कडे असतील. आयनांच्या माऱ्यात हे दोन पत्रे अगदी निराळे वागतात. म्हणून केवळ उंचीचा आकडा पुरत नाही; उतार किती आणि उंचवटे किती अंतरावर, हेही पाहावे लागते.

माऱ्याने घडणारा पृष्ठभाग

पृष्ठभाग माऱ्यावर परिणाम करतो, त्याचप्रमाणे मारा पृष्ठभागावरही परिणाम करतो. तिरपा मारा दीर्घकाळ चालू राहिला, तर मूळ सपाट पृष्ठभागावर वाळूत वाऱ्याने उमटाव्यात तशा बारीक लाटा उमटतात. दोन लाटांतील अंतर पुष्कळदा काही दशक ते काही शतक नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश.

ब्रॅडली आणि हार्पर यांनी १९८८ मध्ये याचे कारण सांगितले. खोलगट जागी आजूबाजूस आदळलेल्या आयनांची ऊर्जा एकवटते आणि उंचवट्यावर ती विखुरते. परिणामी खळगा उंचवट्यापेक्षा वेगाने झिजतो आणि अधिकच खोल होतो. ओघळीकडे दुर्लक्ष केले की तिची घळ होते, हा अनुभव येथेही येतो. फक्त कारण वेगळे. याविरुद्ध काम करणारी क्रियाही असते. पृष्ठभागावरील अणू इकडेतिकडे सरकून खळगे भरून काढू पाहतात. या दोन क्रियांच्या ओढाताणीतून लाटांची रुंदी ठरते. धातूत एखादी न झिजणारी अशुद्धता असेल, तर तिच्या आडोशाखालचा भाग टिकून राहतो आणि भोवतालचा झिजून जातो. अशा ठिकाणी सूक्ष्म सुळके उभे राहतात.

खडबडीतपणा उपयोगी पडतो तेव्हा

आता वेधशाळेच्या पोलादी नळीकडे वळता येईल. अमेरिकेतील लायगोच्या नळ्यांचा व्यास सुमारे १.२ मीटर आहे आणि आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक लाख कोटींश इतका कमी ठेवावा लागतो. हवेचे रेणू शिल्लक राहिले, तर ते लेसरच्या झोताच्या मार्गात येऊन मोजमाप बिघडवितात. तेल, वंगण किंवा हलणारे भाग असलेला पंप अशा ठिकाणी अखंड चालू ठेवणे योग्य नसते. त्याच्या कंपनांनीच आरसे हलतील. म्हणून तेथे आयन पंप वापरतात. हा पंप १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आला.

या पंपात टायटेनियमचे दोन पत्रे समोरासमोर असतात. मध्ये पोळ्याच्या घरांसारख्या पोकळ नळकांड्यांचे धनाग्र असते. काही हजार व्होल्टचा दाब आणि चुंबकीय क्षेत्र यांमुळे इलेक्ट्रॉन गोलाकार फिरत राहतात आणि वायूच्या रेणूंना धडकून त्यांचे आयन बनवितात. हे आयन टायटेनियमवर आदळतात. सुटलेले टायटेनियमचे अणू आजूबाजूस ताजा लेप देतात आणि हा लेप ऑक्सिजन, नायट्रोजन यांना रासायनिक बंधाने पकडून ठेवतो. म्हणजे धातूची झीज, जी इतरत्र हानी ठरते, तीच येथे पंपाचे काम होय.

अडचण येते ती आर्गॉनची. हवेत सुमारे एक टक्का असलेला हा वायू कशाशीही संयोग पावत नाही. त्याचे आयन टायटेनियमच्या सपाट पत्र्यात नुसते गाडले जातात. पत्रा झिजत गेला, की गाडलेला आर्गॉन पुन्हा उघडा पडतो आणि पंपातील दाब मधूनमधून एकदम वाढतो.

यावर शोधलेला उपाय पृष्ठभागाच्या आकाराचाच होता. १९६० च्या सुमारास टायटेनियमच्या पत्र्यावर मुद्दाम खोल खाचा पाडण्यात आल्या. खाचांच्या भिंतींवर आयन तिरपे आदळतात, त्यामुळे टायटेनियमची उधळण वाढते. आणि सुटलेले अणू खाचांच्या तळाशी साचत राहिल्याने तेथे गाडलेला आर्गॉन झाकलेलाच राहतो. दुसऱ्या एका रचनेत पत्र्याऐवजी टायटेनियमच्या पट्ट्यांची जाळी वापरण्यात आली. या पट्ट्यांवरून घसरून जाणारे आर्गॉनचे अणू पंपाच्या भिंतीत रुततात आणि टायटेनियमच्या लेपाखाली कायमचे बंद होतात. वर सांगितलेले उतार, आडोसा आणि पुनर्लेपन हे तिन्ही परिणाम येथे कामाला जुंपलेले आढळतात.

आयन पंपांचे तंत्र भारतास नवे नाही. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने असे पंप देशातच विकसित केले. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या इंडस-१ आणि इंडस-२ या इलेक्ट्रॉन साठवण-वलयांतही आयन पंपांच्या साहाय्याने निर्वात राखण्यात येतो. लायगो-इंडियाच्या उभारणीत हे इंदूरचे केंद्र, पुण्याची ‘आयुका’, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबई येथील बांधकाम, सेवा व मालमत्ता व्यवस्थापन संचालनालय या चार संस्थांचा सहभाग आहे.

गुळगुळीतपणा अनिवार्य असतो तेव्हा

आरशांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. लायगोचा मुख्य आरसा म्हणजे शुद्ध वितळ-सिलिकेची सुमारे ३४ सेंटिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर जाडीची आणि ४० किलोग्रॅम वजनाची चकती. तिच्यावर प्रकाश परावर्तित करणारे अनेक पातळ थर द्यावे लागतात. हे थर आयनांच्या झोतानेच देतात. टँटलम धातू किंवा त्याचे ऑक्साइड, तसेच सिलिका यांच्या लक्ष्यावर आयनांचा झोत सोडतात आणि तेथून उधळलेले अणू आरशावर जाऊन बसतात. आरशांच्या घडणीत पृष्ठभागाच्या आकारातील अखेरची सूक्ष्म चूक काढण्यासाठीही आयनांचा बारीक झोत वापरण्याचे तंत्र आहे. अशा वेळी झोताचा कोन आणि ऊर्जा यांत चूक झाली, तर दुरुस्तीऐवजी लाटाच उमटण्याचा संभव असतो.

तयार आरशावरील सूक्ष्म चढउतार एका नॅनोमीटरहूनही कमी असावे लागतात. याचे कारण साध्या गणिताने कळते. आरशावरून विखुरला जाणारा प्रकाश खडबडीतपणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चढउतार दुप्पट झाले, तर वाया जाणारा प्रकाश चौपट होतो. लेपातील लहानसा दोषही महागात पडतो. अमेरिकेतील आरशांच्या लेपांत प्रकाश शोषणारे अत्यंत सूक्ष्म ठिपके आढळले आहेत. लेसरच्या तेजाने ते तापतात, भोवतालचा पृष्ठभाग किंचित फुगतो आणि त्यामुळे लेसरची शक्ती वाढविण्यावर मर्यादा येते.

कारखान्यातील उपयोग

हे ज्ञान केवळ वेधशाळेपुरते नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने उद्योगांसाठी प्लाझ्मा नायट्रायडिंगचे तंत्र विकसित केले. त्यात पोलादाचे दंतचक्र किंवा साचा निर्वात भट्टीत ठेवून नायट्रोजन आणि हायड्रोजनच्या आयनांचा मारा करतात. आयन प्रथम पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर झाडून टाकतात आणि नंतर नायट्रोजन पोलादात शिरून त्यास कठीण बनवितो. येथेही पृष्ठभागाच्या आकाराकडे लक्ष द्यावे लागते. अरुंद खाच किंवा छिद्र असेल, तर विमोचन तेथे एकवटून तो भाग प्रमाणाबाहेर तापू शकतो. म्हणून तुकडा भट्टीत ठेवण्यापूर्वी तो स्वच्छ करणे, त्यावरील बुरे काढणे आणि छिद्रे झाकावीत की कसे हे ठरविणे, ही कामे कुशल कारागिराकडे येतात.

शाळेत करून पाहता येईल असा प्रयोग

आयनांचा मारा शाळेत दाखविणे शक्य नाही. परंतु त्यामागील भूमिती शिक्षकांना एका कागदात आणि एका टॉर्चने दाखविता येईल. जाड कागदाच्या पंख्याप्रमाणे घड्या घालाव्यात. एका कागदाच्या घड्या पसरट आणि दुसऱ्याच्या उभट असाव्यात. उंची मात्र दोहोंची सारखी ठेवावी. खोलीत अंधार करून टॉर्च प्रथम बरोबर वरून धरावा. दोन्ही कागदांच्या खळग्यांत प्रकाश पोहोचलेला दिसेल. मग टॉर्च हळूहळू तिरपा करावा. उभट घड्यांच्या कागदावर आधी अंधाराचे पट्टे उमटतील, पसरट घड्यांवर बऱ्याच उशिरा. उंची सारखी असूनही परिणाम वेगळा का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. उत्तर त्यांच्याच तोंडून यावे. शेतकऱ्याच्या मुलास ते फार काळ शोधावे लागणार नाही.

जबाबदारीचा भाग

वेधशाळा उभारताना पृष्ठभागाची स्वच्छता हा नित्याच्या शिस्तीचा भाग असतो. नळीच्या आतील भिंतीवर राहिलेला बोटाचा तेलकट ठसा किंवा वेल्डिंगमधील दिसूही न शकणारे छिद्र निर्वातास बाधा आणते. सूक्ष्म खळग्यांत धरून राहिलेले बाष्प दीर्घकाळ बाहेर पडत राहते. ते काढण्यासाठी नळी तापवावी लागते. ही कामे शास्त्रज्ञांच्या बरोबरीने वेल्डर, जोडारी, विद्युत् कारागीर यांच्या हातून होत असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी पृष्ठभागाची मोजणी आणि निर्वात तंत्राची प्राथमिक माहिती विद्यार्थ्यांस करून दिली, तर अशा कामांसाठी परभणी-हिंगोलीच्या तरुणांची तयारी होऊ शकेल.

पंचायतींच्या वाट्यासही काही जबाबदारी येते. जमिनीची कंपने अशा यंत्रास मारक असतात. परिसरातील जड वाहतूक, सुरुंग, खडीची केंद्रे यांबाबत निर्णय घेताना ही गोष्ट सदस्यांस माहीत असणे इष्ट आहे. एखादी अट का घातली आहे हे समजले, म्हणजे तिचे पालन ओझे वाटत नाही.

गुळगुळीत ते चांगले आणि खडबडीत ते वाईट, अशी सर्वसाधारण समजूत असते. आयनांच्या माऱ्याचा अभ्यास ती समजूत दुरुस्त करतो. आरशास निर्दोष गुळगुळीतपणा हवा, पंपाच्या टायटेनियमला खोल खाचा हव्यात. आणि एकाच वेधशाळेत दोन्हींची सारखीच गरज आहे. पृष्ठभागाचे काम काय, हे आधी निश्चित करावे आणि मग त्यास योग्य तो उतार द्यावा. आपल्या रानाच्या बाबतीत मराठवाड्याचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आला आहे.